कथील कुठलं?

गिऱ्हाईक कंपनी आमच्या कारखान्याकडून दरवर्षी भरून घेते त्या इंग्रजी फॉर्मवर ‘तुम्ही वापरता ते कथील कोणत्या ठिकाणी गाळलेलं आहे’ असा एक रकाना असतो. त्यात मी सलग तीन वर्षं ‘सांगली’ असं लिहिलं. आता सांगताना हसू येतं. तेव्हा कुणी हसलं नाही, कारण तो फॉर्म कुणी वाचतच नव्हतं आणि मीही न वाचताच भरत होते. चौथ्या वर्षी पुण्याच्या एका मुलीनं तो वाचला. तिचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला पुढे कळलं. आधी मी तिला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या, हे कबूल करते. माझा स्वभाव तापट आहे. अम्मी म्हणायची, ही नाकावर माशी बसू देत नाही, आणि बसलीच तर माशीचं काही खरं नाही.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात खरेदी बघते. दारावर ‘खरेदी विभाग’ अशी पाटी आहे. आत मी एकटीच. आम्ही तांब्याच्या टोप्या बनवतो. जाड वायर यंत्राला बोल्टनं आवळायची तर तिच्या टोकाला अशी टोपी चढवावी लागते. नुसतं तांबं हिरवं पडतं, म्हणून प्रत्येक टोपी वितळलेल्या कथलात बुडवून काढायची. कागदोपत्री त्याला टिनिंग सेक्शन म्हणतात. मी कल्हईखातं म्हणते, कारण मी कल्हईवाल्याची मुलगी आहे आणि तांब्यावर कथील चढताना पाहिलं की मला दुसरा शब्द सुचतच नाही.

अब्बांनी तासगावात सगळा जन्म कल्हई केली. बेदाण्याच्या एका गोदामाच्या भिंतीला लागून त्यांची जागा होती. जमिनीत खड्डा, खड्ड्यात कोळसा, शेजारी भाता. अम्मी भाता मारायची. अब्बा भांडं तापवून नवसागर टाकायचे, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी फिरवून कापसानं पुसलं की काळंमिट्ट पातेलं आतून लख्ख व्हायचं. भांडं परत घेताना बायका हटकून विचारायच्या, “चाचा, कथील कुठलं?” अब्बांचं उत्तर ठरलेलं होतं. “सांगलीचं. अस्सल हाय, ऐकून बघ.” आणि ते बाईच्या कानाजवळ कांडी धरून हळूच वाकवायचे. चोख कथील वाकवलं की आतून कर्रर्र असा बारीक आवाज येतो. शिसं मिसळलेलं असेल तर येत नाही, आला तरी दबका येतो. शिसं घालून कल्हई करणाऱ्यांचं आमच्या घरात नावसुद्धा घेतलं जात नसे. “लोकांच्या पोटात इख घालत्यात,” अब्बा म्हणायचे, आणि एवढं बोलून थुंकायचे.

तर आमच्या घरात दूध म्हशीचं, मीठ दुकानातलं आणि कथील सांगलीचं. ते जमिनीतून निघतं, कुणीतरी ते खणून काढतं, हे मला शाळेत शिकवलं असेल. डोक्यात मात्र शिरलं नव्हतं. म्हणूनच तो रकाना पुढे आला तेव्हा मी जराही न अडखळता सांगली लिहिलं. आमच्या जमातीतल्या कुणीही तेच लिहिलं असतं.

पुण्याची ती मुलगी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईक कंपनीत होती. तिचा फोन आला तेव्हा मी जेवायला उठत होते.

“मॅडम, सांगलीत कथलाची खाण आहे का हो?”

“खाण कशाला असेल? व्यापारी आहे तिथे.”

“मग त्या व्यापाऱ्याकडे कुठून येतं?”

“ते त्यालाच विचारा,” असं म्हणून मी फोन ठेवला. माझं हे असंच.

पाच मिनिटांनी तिचा परत फोन आला. ना राग, ना चढा आवाज. तिनं मला एखाद्या मैत्रिणीला सांगावं तसं सांगितलं. जगात काही ठिकाणी कथलाच्या खाणींवर बंदूकवाले बसलेले असतात. माणसं हातानं खणतात, कुठे कुठे लहान पोरंसुद्धा खणतात, आणि बाहेर पडणाऱ्या पोत्यांवर बंदूकवाले वसुली घेतात. त्यातूनच त्यांच्या पुढच्या गोळ्या येतात. म्हणून परदेशातली गिऱ्हाइकं विचारतात की तुमचं कथील कुणी गाळलं, आणि गाळणाऱ्यानं माती कुठून आणली. “आपण खाणीपर्यंत नाही पोचू शकत मॅडम,” ती म्हणाली, “पण गाळणाऱ्यापर्यंत पोचता येतं. त्याच्या पुढची चौकशी दुसरे लोक करतात. मधली एक कडी जरी खोटी निघाली, तरी पुढचं सगळं वाया जातं.” आणि महिनाअखेरपर्यंत नीट उत्तर आलं नाही तर आमचा माल थांबवावा लागेल, हेही तिनं तितक्याच शांतपणे सांगितलं.

माल थांबणं म्हणजे कल्हईखातं थांबणं. तिथे नऊ बायका काम करतात आणि त्यांची मुकादम आहे आमची अक्का. अक्का म्हसवडकडची. उमेदीची सगळी वर्षं तिनं नवऱ्याबरोबर फलटणच्या बाजूला ऊस तोडला. कारखान्यात आली तेव्हा तिच्या बोटांना कोयत्याचे घट्टे होते. आता ती कथलाच्या भांड्याकडे नुसतं बघून सांगते, आच जास्त झाली. “आता ह्या हातात परत कोयता घ्यायचा न्हाई, ताई,” असं ती महिन्यातून एकदा तरी म्हणते. रोज दुपारी माझ्या डब्यात न विचारता अर्धी भाकरी टाकते. मी माझ्यातला खिमा-मटार तिला देऊ शकत नाही, ती माळकरी. म्हणून तिच्यासाठी मी वेगळं लोणचं आणते.

मी सांगलीला गेले. आमचं कथील ज्या दुकानातून येतं, त्याच दुकानातून अब्बा कांड्या घ्यायचे. तेव्हा गल्ल्यावर बाप बसायचा, आता मुलगा बसतो. मी सगळं सांगितल्यावर तो हसला. “एवढंच ना? कागद पाहिजे, देतो की.” चहा संपायच्या आत त्यानं छापील कागद हातात ठेवला. सगळं कथील इंडोनेशियातल्या अमुक गाळणाऱ्याकडचं, त्याचा नंबर हा, शिक्का हा. मी खुशीत एसटीत बसले. कराड येईपर्यंत निवांत झोपले.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये जाऊन कागदावरचा नंबर विटांशी ताडून बघितला. कथील आमच्याकडे विटांच्या रूपात येतं. निम्म्या विटांवर तो शिक्का होता. उरलेल्या विटा कोऱ्या. त्या नुकत्याच आलेल्या मालातल्या होत्या, आणि त्यातल्या चार अक्काच्या भांड्यात विरघळूनही गेल्या होत्या. मी दुकानदाराला फोन लावला.

“टंचाई होती ताई, दुसरीकडनं घेतलं,” तो म्हणाला. “कागद तोच चालतो. बघतंय कोण?”

माझ्या तोंडावर भली मोठी शिवी आली होती. पण ती गिळावी लागली, कारण ‘बघतंय कोण’ हेच म्हणत मी तीन वर्षं सांगली लिहीत होते.

अम्मी गेल्यापासून अब्बा साताऱ्यात माझ्याकडे राहतात. साहेबांना, म्हणजे मालकांना, विचारून मी शिक्क्याच्या विटेचा एक तुकडा आणि कोऱ्या विटेचा एक तुकडा घरी आणला. रविवारी सकाळी अब्बांनी मागच्या अंगणात शेगडी पेटवली आणि माझी फोडणीची पळी घेतली. मी नको म्हणायच्या आत तिच्यात कथील वितळत होतं. पळी गेली ती गेलीच. फरशीवर ओतून त्यांनी दोन पातळ पट्ट्या केल्या, गार होऊ दिल्या. पहिली कानाशी धरून वाकवली. मलासुद्धा दोन पावलांवरून आवाज आला. दुसरी वाकवली. त्यांनी ती दुसऱ्या कानाशी धरली, परत वाकवली.

“दबकं हाय,” म्हणाले. “ह्यात शिसं हाय, आन् आणखी कायबाय असंल. कुणीतरी चार ठिकाणचं गोळा करून वतलंय. ह्या दुकानात माजा सगळा जन्म गेला. त्याचा बाप असं करत नव्हता.”

मग मी त्यांना पुण्याच्या मुलीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. खाणी, बंदूकवाले, वसुली. शिशावरून एवढे तापणारे अब्बा यावर तापले नाहीत. पट्टी बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, “पोरंबी खणत्यात?”

“काही ठिकाणी. सगळीकडे नाही.”

“मला कुणी सांगितलं न्हाई,” ते म्हणाले, आणि पट्टी खाली ठेवून, “मीबी इचारलं न्हाई.”

सोमवारी मी साहेबांसमोर पुण्याला पाठवायचं एक पत्र ठेवलं. तीन वर्षं माहिती न घेता फॉर्म भरला. निम्मं कथील कुठलं ते आम्हाला माहीत नाही. दुकानदाराचा कागद खोटा आहे. बिनशिक्क्याच्या चार विटा वापरल्या गेल्या आहेत आणि तो माल तुमच्याकडे पोचला आहे. साहेबांनी ते तीनदा वाचलं.

“कागद आहे ना आपल्याकडे?”

“आहे. खोटा आहे.”

“ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?”

मी पत्र त्यांच्याकडे आणखी पुढे सरकवलं.  साहेब वाईट माणूस नाहीत. आमच्यासारख्या कारखान्याचं एक गिऱ्हाईक गेलं तर काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी खिडकीतून कल्हईखात्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि सही केली. “पाठवा,” म्हणाले. “पण अक्काला तुम्ही सांगायचं. मी नाही.”

मी अक्काला सांगितलं. तिनं हातमोजे काढून पूर्ण ऐकून घेतलं.

“म्हंजी त्यो कागद दिला असता तर काम चाललं असतं?”

“हो.”

“आन् तुमी न्हाई दिला.”

“नाही दिला.”

“लय शान्या हाईसा, मॅडम,” ती म्हणाली आणि आत गेली. इतकी वर्षं तिनं मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

पुण्याहून माल थांबवल्याचं पत्र आलं. भांड्याखालची आच बंद केली. वितळलेलं कथील थिजलं आणि त्याच्यावर राखी रंगाची साय धरली. बायकांना आधी पॅकिंगला लावलं, मग साफसफाईला, मग आठवड्यातले तीनच दिवस बोलावलं. अक्का दुपारी पलीकडच्या शेडमध्ये जाऊन जेवू लागली. मी लोणचं आणायची आणि तसंच घरी न्यायची. साध्या साध्या गोष्टींवरून मी लोकांवर खेकसत होते. एकदा तर पुण्याला फोन करून ‘पत्र चुकून गेलं’ असं सांगायला मी नंबरसुद्धा लावला होता. कुणी उचलायच्या आत ठेवला. ते धैर्याचं लक्षण नव्हतं. काय बोलायचं तेच सुचलं नाही. संध्याकाळी दारात पाऊल ठेवलं की अब्बा विचारायचे, “आलं का उत्तर?” मी त्यांच्यावरही खेकसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं.

तीन आठवड्यांनी त्या मुलीचाच फोन आला. आम्ही पाठवलेल्या कोऱ्या विटांच्या तुकड्यांची आणि त्या महिन्याच्या मालाची त्यांनी तपासणी केली होती. भेसळ निघाली होती, अब्बांच्या कानानं सांगितलं तसंच. तो माल ते परत पाठवणार होते. भांडं पूर्ण रिकामं करायचं, कोऱ्या विटा लाल कार्ड लावून बाजूला ठेवायच्या, आणि यापुढे प्रत्येक विटेवर नंबर असेल अशाच ठिकाणाहून कथील घ्यायचं. एवढं केलं की काम सुरू. मी सगळं लिहून घेतलं. घाईत अक्षर असं आलं की मलाच नंतर वाचता येईना.

“मॅडम,” ती शेवटी म्हणाली, “मी रोज हेच फॉर्म वाचते. सगळ्यांना सगळं माहीत असतं. ‘आम्हाला माहीत नाही’ असं लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं. मी ते पत्र घेऊन आमच्या वरच्यांकडे भांडले.”

मी तिचे आभार मानायला हवे होते. मी म्हणाले, “जेवलीस का?” ती हसली. आभार मी आता इथे मानते, मनापासून. तिला रोज शंभर जणांच्या कंटाळ्यातून वाट काढत फॉर्म वाचावे लागतात, आणि तरी तिला ‘सांगली’ दिसलं.

कोऱ्या विटा दुकानदाराला परत द्यायला साहेबांनी नकार दिला. “तो त्या दुसऱ्याच्या गळ्यात मारेल,” म्हणाले, आणि नुकसान सोसून त्या मांडणीवर ठेवल्या. त्याबद्दल त्यांना मी कधी काही बोलले नाही. साहेबांचं कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही.

भांड्याखाली परत आच पेटली त्या दुपारी मी डबा उघडला, तर आत अर्धी भाकरी होती. अक्का समोर येऊन बसली.

“एक इचारू, ताई?”

“विचार.”

“पयल्याच वर्सी नीट इचारून लिवलं असतंस, तर हे तीन आठवडं आमचं वाचलं असतं का न्हाई?”

“वाचले असते.”

“मग झालं,” म्हणाली, आणि लोणच्यासाठी हात पुढे केला. माझ्यावर कुणी इतकं कमी रागावून इतकं खरं बोललेलं मला आठवत नाही. मला रडू आलं, आणि ते तिखटामुळे आलं असं आम्ही दोघीही धरून चाललो.

अब्बांना मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ते ‘अल्ला का शुक्र’ म्हणाले आणि उठून आत गेले. बाहेर आले ते त्यांची जुनी झोळी घेऊन. काम सोडल्यावर तासगावहून त्यांनी एवढीच आणली होती. तिच्यात फडक्यात गुंडाळलेली कथलाची एक कांडी होती, शेवटची. ईदच्या आधी माझी दोन पातेली ते तिच्यातूनच कल्हई करून द्यायचे, कांडी संपू नये म्हणून अगदी बेतानं.

“ही कारखान्यात ने,” म्हणाले. “त्या लाल कार्डाच्या विटांशेजारी ठेव.”

“अब्बा, ही चोख आहे. तुम्ही स्वतः ऐकून घेतलेली.”

“चोख हाय. कुठली हाय ते ठावं न्हाई.”

“तुमच्या घरातल्या कांडीला कोण विचारतंय?”

“तू इचारलंस न्हवं?” ते म्हणाले.

मी ती नेली. स्टोअरवाल्यानं वेड्यासारखं माझ्याकडे पाहिलं; बोटाएवढ्या कांडीला अख्खं लाल कार्ड. कार्डावर दोन ओळी असतात. ‘कोणाकडून’ यापुढे मी अब्बांचं पूर्ण नाव लिहिलं. ‘मूळ ठिकाण’ यापुढे पेन क्षणभर सवयीनं ‘स’कडे वळलं. मग मी लिहिलं, माहीत नाही.

पुढच्या महिन्यात साहेबांना सांगून मी नव्या मालातला एक तुकडा विकत घेतला आणि त्याच्या कागदाची प्रत अब्बांना आणून दिली. अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही. मी एकदा वाचून दाखवलं, त्यांनी तुकडा वितळवून त्याची कांडी ओतली आणि तो कागद चार घड्या घालून तिच्याबरोबर फडक्यात बांधला.

परवा शेजारच्या काकू तांब्याचा हंडा घेऊन आल्या. त्यांच्या सासूच्या वेळचा, आतून हिरवा पडलेला. साताऱ्यात आता कल्हईवाला मिळत नाही. अब्बांनी अंगणात खड्डा केला, कोळसा पेटवला. भाता नव्हता म्हणून मी जुना टेबलफॅन लावून दिला. काकू पाटावर बसल्या आणि सहज, बोलायचं म्हणून बोलल्या, “चाचा, कथील कुठलं?”

मी दारातच थांबले. अब्बांचा हात कांडी वाकवायला कानाकडे जाईल असं मला वाटलं. त्यांनी फडकं सोडलं, कागदाच्या घड्या उलगडल्या आणि तो काकूंच्या हातात दिला.

“लांबचं हाय, बाय,” ते म्हणाले. “समिंदरापल्याडचं. तिथल्या कुणीतरी खणून दिलंय आपल्याला.”

मग ते बिस्मिल्ला म्हणाले आणि हंडा आचेवर ठेवला.